हिरव्या मेणाची मोहोर आणि एक ‘अद्याप’

राजेशाहीच्या काळातल्या फ्रान्समध्ये सरकारी कागदाचे वजन मोहोरेच्या रंगावरून कळत असे. पिवळ्या मेणाची मोहोर म्हणजे नित्याचे, मुदतीचे काम. हिरव्या मेणाची मोहोर म्हणजे कायमचा हुकूम. एप्रिल १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने ब्रिटनीतल्या नांत या शहरी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट प्रजेतला तंटा मिटवण्यासाठी जो जाहीरनामा काढला, त्याला तांबड्या-हिरव्या रेशमी गोफात अडकवलेली हिरवी मोहोर होती, आणि हा हुकूम ‘शाश्वत व अपरिवर्तनीय’ आहे असे मजकुरातही लिहिले होते. आपल्याकडच्या सनदांमध्ये ‘आचंद्रार्क’ लिहीत, त्याच जातीची ही भाषा. या शाश्वत हुकमाला सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले. ऑक्टोबर १६८५ मध्ये हेन्रीचाच नातू चौदावा लुई याने फोंतेनब्लो येथून तो रद्द केला. आणि गंमत अशी, की रद्द करणारा हुकूमही स्वतःला ‘शाश्वत व अपरिवर्तनीय’च म्हणवतो.

या जाहीरनाम्याबद्दल दोन निकाल आयते मिळतात. युरोपातल्या धार्मिक सहिष्णुतेची ही पहाट होती आणि हेन्री काळाच्या पुढे पाहणारा राजा होता, हा पहिला. गादीसाठी धर्म बदलणाऱ्या एका धूर्त माणसाने दोन्ही बाजूंची तोंडे बंद करण्यासाठी केलेला हा सौदा होता, हा दुसरा. मला दोन्ही अपुरे वाटतात. धर्म कोणाचा खरा, या वादाच्या वाटेला न जाता नांतच्या कागदाने स्मशान, शाळा, सण, कोर्ट आणि दुकान यांचे प्रश्न सोडवले, म्हणून शांततेचा कागद म्हणून तो उत्तम होता. परंतु त्याने एका समाजाचे सगळे जगणे परवानग्यांच्या यादीत बसवले आणि ती यादी राजाच्या मर्जीवर सोपवली. पुढे तीच यादी त्या समाजाच्या गळ्याचा फास झाली. हे दोन्ही गुणधर्म एकाच मसुद्यातले आहेत आणि एकाला उचलून दुसऱ्याला विसरणे बरोबर नाही.

या मसुद्यामागे छत्तीस वर्षांचा रक्तपात होता. १ मार्च १५६२ रोजी व्हासी या गावात एका कोठारात उपासनेसाठी जमलेल्या ह्यूगेनॉटांवर, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंटांवर, कॅथलिक सरदार गीझच्या ड्यूकची माणसे तुटून पडली. तेथपासून १५९८ पर्यंत आठ युद्धे झाली. ऑगस्ट १५७२ मध्ये तर कळस झाला. प्रॉटेस्टंट असलेला नावारचा हेन्री (हाच पुढचा चौथा हेन्री) आणि राजाची कॅथलिक बहीण मार्गारेट यांचे लग्न १८ तारखेला पॅरिसमध्ये लागले. दोन धर्मांची सोयरीक व्हावी म्हणून लावलेल्या या लग्नाला देशभरातले ह्यूगेनॉट सरदार आले होते, आणि सहाव्या दिवशी, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या पहाटे, त्यांची कत्तल सुरू झाली. पॅरिसनंतर एकेक करीत डझनभर शहरांत तेच घडले. नवरदेव वाचला तो कॅथलिक होण्याचे कबूल करून. चार वर्षांनी दरबारातून निसटल्यावर तो परत प्रॉटेस्टंट झाला.

या काळात तडजोडीचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. उलट जवळजवळ प्रत्येक युद्धाच्या शेवटी एक जाहीरनामा निघाला आहे. त्यांतला पहिला मोठा प्रयत्न राजमाता कॅथरीन दे मेदिची आणि तिचा चान्सलर मिशेल द लोपिताल यांचा. १५६१ मध्ये प्वासी येथे त्यांनी दोन्ही बाजूंचे धर्मपंडित समोरासमोर बसवले. प्रॉटेस्टंटांतर्फे तेओदोर द बेझ बोलायला उभा राहिला आणि, ख्रिस्ताचे शरीर भाकरीपासून तितकेच दूर आहे जितका स्वर्ग पृथ्वीपासून, असे म्हणून गेला. उपासनेतली भाकरी ख्रिस्ताचे शरीरच बनते ही कॅथलिकांची श्रद्धा, म्हणून त्या एका वाक्यावर सभागृहात गदारोळ झाला आणि समेटाची आशा जवळपास संपली. यातून लोपितालने जो धडा घेतला तो मला त्या शतकातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जानेवारी १५६२ मध्ये त्याने राजाच्या सल्लागारांपुढे प्रश्नच बदलून मांडला: खरा धर्म कोणता हे आपल्याला ठरवायचे नाही, राज्य कसे चालवायचे हे ठरवायचे आहे, चर्चने बहिष्कृत केलेला माणूससुद्धा नागरिक असतोच. त्याच महिन्यात निघालेल्या जाहीरनाम्याने ह्यूगेनॉटांना शहराच्या तटाबाहेर उपासना करण्याची मुभा दिली. सहा आठवड्यांत व्हासी घडले. विचार बरोबर होता, पण त्यामागे उभी राहील अशी सत्ता नव्हती. राजा अकरा वर्षांचा होता.

शेजारच्या जर्मन मुलखात सम्राट पाचव्या चार्ल्सने वेगळा मार्ग धरला होता. १५४८ मध्ये ऑग्सबुर्ग येथे त्याने धर्मतत्त्वांची एक मधली आवृत्ती हुकमाने जारी केली. पाळकांना लग्नाची आणि भाविकांना उपासनेत भाकरीबरोबर द्राक्षारसही घेण्याची सवलत दिली आणि बाकीचे बहुतेक जुनेच ठेवले. ती कोणालाच रुचली नाही. १५५५ मध्ये त्याच शहरात झालेल्या तहाने मग प्रश्नाचे तुकडे केले: ज्या संस्थानिकाचा जो धर्म, तोच त्याच्या प्रजेचा, आणि पटत नसेल त्याने बिऱ्हाड हलवावे. फ्रान्समध्ये एकच राजा असल्याने ही वाटणी शक्य नव्हती. तेथे दोघांना एकाच गावात, एकाच बाजारपेठेत, एकाच विहिरीवर राहायचे होते, आणि म्हणून नांतचा कागद ऑग्सबुर्गच्या तहापेक्षा जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त मोलाचा आहे.

हेन्रीपाशी लोपितालजवळ नव्हती अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे दोन्ही छावण्यांत काढलेले आयुष्य. १५८९ मध्ये तेव्हाचा राजा तिसरा हेन्री याचा एका तरुण डॉमिनिकन संन्याशाने खून केला आणि गादी नावारच्या हेन्रीकडे आली. पण प्रॉटेस्टंट राजा मान्य नसलेल्या कॅथलिक लीग या संघटनेने पॅरिसचे दरवाजे बंद ठेवले. चार वर्षे लढूनही राजधानी हाती येईना, तेव्हा २५ जुलै १५९३ रोजी सें-दनीच्या मठात त्याने प्रॉटेस्टंट पंथाचा त्याग केला. पॅरिससाठी एक मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) ऐकायला हरकत नाही, हे त्याच्या तोंडी घातलेले वाक्य सगळ्यांना पाठ असते, मात्र तो तसे म्हणाल्याचा पुरावा नाही. सांगोवांगीच्या या एका वाक्याने त्याच्या पुढच्या पाच वर्षांचा खटाटोप झाकून टाकला आहे. लीगच्या सरदारांना त्याने लढून जितके वळवले त्याहून अधिक पैसे आणि पदे देऊन वळवले. त्याचा अर्थमंत्री सुली याच्या हिशेबात ही रक्कम तीन कोटी लिव्रांच्या वर जाते. इकडे त्याचे जुने सोबती, ह्यूगेनॉट, बिथरले होते. १५९७ च्या मार्चमध्ये स्पॅनिश फौजेने आमियां घेतले, तेव्हा आधी आमच्या हक्कांचे बोला आणि मग कुमक मागा, अशी भूमिका त्यांच्यातल्या अनेकांनी घेतली. नांतचा जाहीरनामा केवळ राजाच्या उदारपणातून उगवला असे ज्यांना वाटते, त्यांनी या सौदेबाजीची आठवण ठेवावी. तसेच, सौदेबाजी होती म्हणून तो हलका ठरत नाही; शस्त्रे हातात असलेल्या लोकांमधला कोणता तह घासाघीस न होता झाला आहे?

आता खुद्द कागदाकडे वळू. तो एकच कागद नव्हता, चार होते. ब्याण्णव कलमांचा मुख्य जाहीरनामा. छप्पन्न खास कलमांची पुरवणी. आणि राजाने व्यक्तिशः दिलेले दोन कौल. पहिल्या कौलात प्रॉटेस्टंट पाळकांच्या खर्चासाठी वर्षाला पंचेचाळीस हजार एक्यू होते. दुसऱ्यात सुमारे दीडशे ठाणी आठ वर्षांसाठी ह्यूगेनॉटांच्या ताब्यात ठेवण्याचे आणि त्यांपैकी किल्लेबंद शहरांतल्या शिबंदीचा खर्च उचलण्याचे वचन होते. हिरवी मोहोर फक्त जाहीरनाम्याला होती. कौल म्हणजे राजाचा शब्द: पार्लमाँ म्हटल्या जाणाऱ्या उच्च न्यायालयांत त्यांची नोंद करावी लागत नव्हती आणि पुढच्या राजावर ते बंधनकारकही नव्हते. किल्ल्यांसारखी सर्वांत स्फोटक गोष्ट कौलात ठेवण्यात हेन्रीची हुशारी दिसते, कारण न्यायाधीशांनी ती कधीच नोंदवून घेतली नसती. पण तिची मुळे उथळ राहिली, ती याच कारणाने.

जाहीरनाम्याचे पहिले कलम विसरण्याचा हुकूम देते. मार्च १५८५ पासून राजाच्या राज्यारोहणापर्यंत आणि त्याआधीच्या गडबडींतही दोन्ही बाजूंनी जे जे घडले, त्याची स्मृती विझलेली समजावी, जणू ते घडलेच नाही. दुसरे कलम सांगते की झाल्या गोष्टी उकरून कोणी कोणाला टोचू नये आणि सर्वांनी भावांप्रमाणे, मित्रांप्रमाणे, एका नगरीच्या रहिवाशांप्रमाणे राहावे. या कलमांवर आजचा वाचक लगेच नाराज होतो. कत्तलीत ज्यांची माणसे गेली त्यांना विसरा म्हणून सांगणारा हा राजा कोण? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण ज्याला तो उद्देशून आहे ते कलम तितके आंधळे नाही. तेथे बंदी आहे ती प्रामुख्याने खटल्यांवर: सरकारी वकिलाने किंवा खासगी फिर्यादीने युद्धातल्या घटना कोर्टात काढायच्या नाहीत. आणि त्यालाही अपवाद आहेत. स्त्रियांवरचे बलात्कार व अपहरण, आगी लावणे, दगाबाजीने केलेले खून आणि लूट या गोष्टी माफीतून शब्दशः वगळल्या आहेत. मनातले विसरा, असे कोणताच कायदा सांगू शकत नाही. शेजाऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचा दावा ठोकू नका, एवढे तो सांगू शकतो. ज्या गावात प्रत्येक घराकडे दुसऱ्या घराविरुद्ध सांगण्यासारखे काही ना काही आहे, तेथे मला ही विस्मृती न्यायाची थट्टा वाटत नाही.

पुढची कलमे वाचताना आपण राजाच्या दरबारात आहोत की तालुक्याच्या कचेरीत, असा प्रश्न पडावा इतका तपशील आहे. ह्यूगेनॉट राज्यात कोठेही राहू शकतील, त्यांच्या विवेकाविरुद्ध त्यांना काही करायला लावले जाणार नाही. मात्र जाहीर उपासना १५९६ पासून ऑगस्ट १५९७ पर्यंत जेथे चालू होती तेथेच, शिवाय प्रत्येक न्यायविभागात ठरवून दिलेल्या जागी आणि ठरावीक दर्जाच्या सरदारांच्या वाड्यात. दरबारात आणि पॅरिसभोवती पाच लीगांच्या (लीग हे अंतराचे जुने माप) आत उपासना नाही. विद्यापीठे, शाळा आणि इस्पितळे यांत धर्म पाहून कोणाला नाकारायचे नाही. सरकारी पदे दोघांनाही खुली. मुले पळवून दुसऱ्या धर्मात न्यायची नाहीत. ह्यूगेनॉटांना दफनासाठी वेगळी जागा द्यायची. उलट बाजूने, त्यांनी कॅथलिक सणांना दुकाने बंद ठेवायची, कॅथलिक चर्चला दशांश कर भरायचा, आणि आपल्या धर्माची पुस्तके उपासनेची परवानगी असलेल्या गावांतच छापायची व विकायची. आणि या सगळ्यात त्यांच्या धर्माचे अधिकृत नाव काय, तर ‘तथाकथित सुधारित धर्म’. राजा ज्यांना संरक्षण देत होता, त्यांच्या श्रद्धेला ‘तथाकथित’ म्हटल्याशिवाय सरकारी कागद पुढे सरकत नव्हता.

ही कलमे जगण्यात कशी उतरली, ते पॅरिसच्या रविवारी दिसते. राजधानीतल्या ह्यूगेनॉटांना आधी आब्लों या दूरच्या गावी जावे लागे. १६०६ पासून राजाने त्यांना जवळच्या शारांतोंला प्रार्थनामंदिर ठेवू दिले. पाच लीगांचा नियम राजानेच वाकवला होता. लोक पायी, गाडीने किंवा सेन नदीतून नावेने जात. थोर ग्रीक पंडित इझाक कासोबों याची १६०८ मधली हकिकत आहे. तो आणि त्याची पत्नी स्तोत्रे गात नावेतून शारांतोंला निघाले असता एका मोठ्या नावेची धडक बसली. दोघे कसेबसे वाचले, पण त्याने लग्नात पत्नीला दिलेले स्तोत्रांचे पुस्तक नदीत गेले. १५७२ च्या कत्तलीत याच नदीत ह्यूगेनॉटांची प्रेते टाकली होती. छत्तीस वर्षांनी तिच्यातून एक ह्यूगेनॉट कुटुंब उघड गात जात होते आणि त्यांना धोका होता तो आडव्या आलेल्या नावेचा. नांतच्या कागदाचे यश मोजायचे तर मी या नावेपासून सुरुवात करीन.

मात्र या सगळ्या कलमांत मला सर्वांत भक्कम वाटते ते मिश्र न्यायपीठांचे. कोणताही हक्क कागदावर असून भागत नाही, तो मोडला गेला तर दाद कोणापुढे मागायची हा खरा प्रश्न. तुलूझच्या पार्लमाँसमोर ह्यूगेनॉटाला न्याय मिळेल, यावर त्या शहराचा इतिहास जाणणारा कोणीही विश्वास ठेवला नसता. १५६२ च्या दंगलीत तेथे हजारोंनी माणसे मेली होती. म्हणून त्या मुलखासाठी कास्त्र या गावी निम्मे कॅथलिक आणि निम्मे प्रॉटेस्टंट न्यायाधीश असलेले पीठ चालवले गेले. बोर्दो आणि ग्रनोब्लच्या मुलखांसाठीही तशीच सोय झाली. पॅरिसमध्ये मात्र या नावाच्या पीठात प्रॉटेस्टंट न्यायाधीश नावापुरताच उरला. कास्त्रच्या पीठात तुलूझहून पाळीपाळीने येणाऱ्या कॅथलिक न्यायाधीशांत पिएर द फर्मा होता. होय, एका पुस्तकाच्या समासात जागा पुरली नाही म्हणून गणितज्ञांना साडेतीन शतके कोड्यात टाकणारा तोच फर्मा. १२ जानेवारी १६६५ रोजी तो वारला तो कास्त्रमध्येच, पीठाच्या कामावर असताना. निम्मे-निम्मे न्यायाधीश असले की मतेही निम्मी-निम्मी पडणार आणि खटले अडकणार, हा आक्षेप खरा होता. अनेकदा तसे झाले आणि प्रकरण राजाच्या परिषदेकडे गेले. पण अडकलेला खटला आणि आधीच ठरलेला निकाल यांतून निवडायचे असेल, तर अल्पसंख्याक माणूस काय निवडील हे सांगायला नको.

हा कागद पार्लमाँच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. ७ फेब्रुवारी १५९९ रोजी हेन्रीने पॅरिसच्या न्यायाधीशांना आपल्या खोलीत बोलावले आणि, मी राजवस्त्रे लेवून आलेलो नाही, घरचा बाप साध्या बंडीत मुलांशी बोलतो तसा बोलायला आलो आहे, अशी सुरुवात केली. मग हळूहळू बापाचा आवाज चढला. मी शहरांचे तट ओलांडले आहेत, तुमचे अडसरही ओलांडीन, असे त्याने सुनावले. कॅथलिक आणि ह्यूगेनॉट असा भेद आता करायचा नाही, सर्वांनी चांगले फ्रेंच व्हायचे, असेही तो म्हणाला, आणि लगोलग जोडले की कॅथलिकांनी आपल्या सदाचाराच्या उदाहरणाने ह्यूगेनॉटांना वळवावे. पॅरिसने त्याच महिन्यात नोंद केली. रूआंच्या पार्लमाँने पूर्ण नोंद करायला १६०९ उजाडले. दरम्यान प्रांतोप्रांती एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट अशा जोडीने आयुक्त हिंडत होते आणि घंटा, दफनभूमी, प्रार्थनेची जागा यांचे तंटे गावात बसून सोडवत होते. मोहोर कोणीही मारतो. आधीच्या जाहीरनाम्यांपेक्षा हा टिकला तो या पायपिटीमुळे. १५७७ च्या जाहीरनाम्यातली कितीतरी कलमे यात जशीच्या तशी उतरलेली आहेत, म्हणजे नावीन्य मजकुरात फारसे नव्हतेच.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. जाहीरनाम्याच्या प्रास्ताविकात हेन्री म्हणतो की सर्व प्रजेने एकाच रीतीने देवाची भक्ती करावी हे देवाला अद्याप मंजूर झालेले नाही, तर निदान एकाच भावनेने तरी करावी. ‘अद्याप’. हिरव्या मोहोरेचा शाश्वत हुकूम एका ‘अद्याप’वर उभा आहे. दोन धर्म असणे ही एक अडचण आहे, ती आज ना उद्या दूर होईल, तोवर नीट राहा, असा त्याचा सूर आहे. हेन्रीने कपटाने हा शब्द घातला असे मी म्हणत नाही. त्या शतकात राज्याचा एकच धर्म असावा, याबद्दल कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांचेही एकमत होते; भांडण तो कोणता, एवढ्यापुरतेच होते. ह्यूगेनॉटांचे वर्चस्व असलेल्या बेआर्नमध्ये हेन्रीच्या आईने कॅथलिक मिस्सेवर बंदीच घातली होती. अशा काळात ‘अद्याप’ लिहिल्याशिवाय कागद संमत झालाच नसता. पण शब्द कागदात राहिला, आणि १६८५ मध्ये लुईच्या वकिलांना त्याच धाग्याने कापड उसवता आले. रद्द करणाऱ्या हुकमाचे प्रास्ताविक सांगते की ‘तथाकथित सुधारित’ प्रजेतला बहुतांश आणि उत्तम भाग कॅथलिक झालेला आहे, सबब नांतचा जाहीरनामा आता निरुपयोगी आहे. देवाला ‘अद्याप’ मंजूर नव्हते ते झाले, मग सवलतीची मुदत संपली. आजोबांच्याच वाक्याचा हा उरलेला अर्धा भाग होता.

येथे एक जुना युक्तिवाद समोर येतो आणि तो टाळून चालणार नाही. किल्ले, फौजा आणि राजकीय परिषदा यांमुळे ह्यूगेनॉट म्हणजे राज्यातले दुसरे राज्य झाले होते, त्यामुळे संघर्ष अटळ होता, दोष राजाला देऊ नका, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. १६१० मध्ये रावायाक नावाच्या माथेफिरूने हेन्रीला पॅरिसच्या रस्त्यावर भोसकले, आणि त्यानंतर दहा वर्षांत ह्यूगेनॉट सरदार आणि तेरावा लुई पुन्हा लढाईला उभे राहिले. १६२७-२८ मध्ये तेराव्या लुईचा मंत्री कार्डिनल रिशल्यू याने ह्यूगेनॉटांच्या ला रोशेल शहराला वेढा घातला आणि शहराची उपासमार केली. शरण येईपर्यंत बहुसंख्य रहिवासी मेले होते. १६२९ च्या आलेसच्या तहात ह्यूगेनॉटांचे किल्ले गेले, पण उपासनेचे आणि नागरी हक्क कायम राहिले. आता येथे विचार करू. किल्ले हेच जर भांडणाचे मूळ असते, तर किल्ले गेल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. आणि ह्यूगेनॉट नंतर खरोखर शांत राहिले. १६४८ ते १६५३ च्या फ्रोंद बंडाळीत ते बहुतांशी राजाच्या बाजूने उभे राहिले, इतके की खुद्द राजाने त्यांच्या निष्ठेची वाखाणणी केली. तरीही गळचेपी झाली ती त्यानंतरच. म्हणजे निःशस्त्र, निष्ठावान आणि कर भरणारा समाजही यादीतल्या हक्कांवर सुरक्षित नव्हता.

ही गळचेपी आधी सैनिकांनी केली नाही, कायदेपंडितांनी केली. त्यांचे सूत्र सोपे होते: जाहीरनाम्यात जे शब्दशः दिले आहे तेवढेच दिले आहे, बाकी सारे मनाई. १६६१ पासून पुन्हा आयुक्त निघाले, पण आता प्रत्येक प्रार्थनामंदिराकडे १५९६-९७ मध्ये येथे उपासना चालू होती याचे लेखी पुरावे मागत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे, तेही युद्धकाळातले कागद किती गावांनी जपलेले असणार? शेकडो मंदिरे पाडली गेली. दफनभूमी दिली आहे, पण अंत्ययात्रा दिवसा काढता येईल असे कोठे लिहिले आहे? मग प्रेत पहाटे किंवा सांजावल्यावर, मोजक्या माणसांनिशी न्यायचे. सुईण, वकील, वैद्य, एकेक व्यवसाय बंद होत गेला. १६७६ पासून धर्म बदलणाऱ्याला माणशी काही लिव्र देणारी तिजोरीच उघडली. मिश्र न्यायपीठे १६६९ पासून मोडली जाऊ लागली आणि १६७९ मध्ये कास्त्रचे पीठही गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६८१ मध्ये, प्वातू प्रांतात ह्यूगेनॉटांच्या घरांत घोडदळ उतरवून ते धर्म बदलेपर्यंत न हलवण्याची युक्ती निघाली आणि सात वर्षांच्या मुलाला आईबापांचा धर्म सोडण्याचा ‘हक्क’ मिळाला. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. किल्ले गेले तेव्हा ह्यूगेनॉट दुबळे झाले, तरी आणखी पन्नास वर्षे जगले. दाद मागायची जागा गेली, तेव्हा सहा वर्षांत सारे संपले.

रद्दीकरणाच्या हुकमाने पाळकांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितले, आणि सामान्यांना देश सोडायची बंदी केली. पकडलेल्या पुरुषांना गॅली जहाजांवर वल्ही मारायची शिक्षा होती. तरीही दीड-दोन लाख माणसे निसटली, आणि काही आठवड्यांच्या आत जर्मन मुलखातल्या ब्रांडेनबुर्गच्या संस्थानिकाने पॉट्सडॅमहून त्यांना आमंत्रण धाडले. शारांतोंचे मंदिर लगेच पाडले गेले. आपल्या ओळखीचा एक माणूसही याच समाजातला. सुरत, गोवा आणि गोवळकोंडा पालथा घालणारा, आणि भारतातून नेलेला निळा हिरा लुईला विकून सरदारकी मिळवणारा जवाहिऱ्या टॅव्हर्निए हा पॅरिसचा प्रॉटेस्टंट होता. त्याचा हिरा राजाच्या रत्नांत राहिला. त्याचा धर्म मात्र १६८५ नंतर राजाच्या राज्यात राहिला नाही.

हेन्रीला १६८५ चा जाब विचारणे अन्याय्य आहे; १५९८ मध्ये त्याहून चांगला कागद कोणी लिहून दाखवला असता, असे मला वाटत नाही. जाब विचारायचा तो, राजाने दिलेली सवलत आणि माणसाचा हक्क या दोन गोष्टी एकच समजणाऱ्या आपल्या सवयीला, जी या जाहीरनाम्याचे कौतुक करताना आजही डोके वर काढते. हा फरक ज्यांच्या पाठीवर उमटला होता, त्यांना तो अचूक कळला होता. १७८७ मध्ये सोळाव्या लुईने कॅथलिक नसलेल्या प्रजेला जन्म, विवाह आणि मृत्यू यांची कायदेशीर नोंद दिली. जाहीर उपासना दिली नाही. त्या हुकमासाठी खटपट करणाऱ्यांत नीमचा पाळक राबो सेंत-एत्येन होता. त्याचा बाप चोरून, रानावनात प्रवचने देत वाढलेल्या पिढीतला पाळक. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७८९ मध्ये, तोच राबो राष्ट्रीय सभेत उभा राहिला आणि म्हणाला की मला सहिष्णुता नको, स्वातंत्र्य हवे. सहिष्णुता हा शब्दच हद्दपार करा, कारण तो आम्हाला दयेस पात्र नागरिक आणि क्षमा केलेले गुन्हेगार ठरवतो. त्या चर्चेतून मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे दहावे कलम निघाले: कोणालाही त्याच्या मतांसाठी, ती धार्मिक असली तरीही, त्रास दिला जाऊ नये, मात्र ती प्रकट करताना कायद्याने प्रस्थापित केलेल्या सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येता कामा नये. राबो त्यावर समाधानी नव्हता. त्या कलमातला ‘तरीही’ आणि त्यामागून येणारा ‘मात्र’ त्याच्या कानाला कसा लागला असेल, हे ज्याने नांतचा ‘अद्याप’ वाचला आहे त्याला समजते.